मदत हवी आहे: विमानाच्या पॅराशूटची मुदत संपतेय, १५ लाखांचा खर्च कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

कराडहून लिहितेय. माझे मिस्टर आणि त्यांचे दोन मित्र अशा तिघांनी भागीदारीत एक जुनं विमान घेतलंय. सिरस एसआर२२, २००६ सालचं, एका इंजिनाचं, चार माणसांचं. भागीदारांपैकी एक सांगलीचे हळदीचे व्यापारी, दुसऱ्यांचं तासगावला द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज. तिघांकडेही खासगी वैमानिकाचं लायसन आहे. हिशेब, कागदपत्रं आणि कशाची मुदत कधी संपते हे सगळं मी बघते. या वर्षी बऱ्याच तारखा एकदम आल्या आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. या विमानात अख्खं विमान पेलणारं पॅराशूट असतं. छतातला दांडा जोरात ओढला की मागच्या बाजूचं रॉकेट सुटतं, पॅराशूट बाहेर खेचून घेतं आणि विमान माणसांसकट खाली येतं. २००२ मध्ये टेक्सासला ते पहिल्यांदा खऱ्या संकटात वापरलं गेलं. तेव्हापासून जगभरात अडीचशेहून जास्त माणसं त्यामुळे वाचली आहेत. पॅराशूट आणि रॉकेट दोन्हींना १० वर्षांची मुदत असते. आमच्या विमानाचं आधीच्या मालकांनी २०१६ मध्ये बदललं होतं, म्हणजे २०२६ मध्ये पुन्हा बदलायचं.

अमेरिकेत या कामाला साधारण १५ ते २० हजार डॉलर पडतात. मी वहीत १५ लाख धरलेत. वाहतूक, कर आणि इंजिनिअरचा येण्याजाण्याचा खर्च वेगळा. शिवाय आमच्यासारख्या जुन्या मॉडेलमध्ये पॅराशूटपर्यंत पोचायला वरचं फायबरचं आवरण कापावं लागतं, मग पुन्हा बसवून रंगकाम. नव्या मॉडेलांना सामानाच्या कप्प्यातून वाट दिलेली आहे, त्यांचं हे काम वाचतं.

त्यातच ईएलटीची, म्हणजे अपघात झाल्यावर उपग्रहाला आपोआप संदेश पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची बॅटरी संपत आली आहे. लाइफ जॅकेटं तपासायची आहेत. कॉकपिटमधल्या हॅलॉन वायूच्या अग्निशामकाला १२ वर्षं होत आली, त्याची दाबचाचणी आहे.

भागीदारांचं एकमत होईना. सांगलीचे भाऊजी म्हणतात, पॅराशूट घडी घालून बंद डब्यात आहे, त्याला काय झालंय? ते पैसे इंजिनाला लावू. तासगावचे भाऊजी म्हणतात, द्राक्षाचे पैसे हातात येईपर्यंत विमान हँगरात उभं ठेवू. उभं ठेवायला माझी काहीच हरकत नाही. पण मुदत संपलेलं पॅराशूट घेऊन उडायचं, हे मला मान्य नाही. कृष्णाकाठावर इंजिन बंद पडलं तर खाली मोकळं रान तरी मिळेल. कोकणाकडे निघाल्यावर पाटण मागे पडलं की खाली शिवसागराचं पाणी, कोयनेचं जंगल आणि कडे. तिथे विमान उतरवायला सपाट जागा नाही आणि मोबाइलला रेंज नाही. त्या पट्ट्यात दोनच गोष्टी कामाच्या, पॅराशूट आणि ईएलटी, आणि दोन्हींची मुदत संपतेय. माझा मुलगाही आता वडिलांबरोबर जायला लागलाय.

विचारायचं असं की भारतात हे काम कुणी करून घेतलंय का? रॉकेट परदेशातून मागवताना काय कागद लागतात? आणि भागीदारीत एवढा मोठा खर्च तुम्ही कसा वाटून घेता? सांगलीचे भाऊजी ईएलटी आणि अग्निशामक तरी इथल्याच बाजारातून घेऊ म्हणतात, तेही चालेल का?

— कराडकर_वहिनी

निवृत्त_एएमई:

वहिनी, मी विमान देखभालीत इंजिनिअर (एएमई) म्हणून आयुष्य काढलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. पॅराशूटची मुदत ही कंपनीची शिफारस नाही. मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये उड्डाणयोग्यतेच्या मर्यादांचा वेगळा भाग असतो, ती त्यात आहे. त्या भागातली तारीख उलटली की विमान उड्डाणयोग्य राहत नाही. एआरसीच्या, म्हणजे उड्डाणयोग्यतेच्या तपासणीच्या दाखल्याच्या वेळी कुठलाही जबाबदार इंजिनिअर त्यावर सही करणार नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तीच तारीख बघेल.

या विमानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली तेव्हा स्पिनमधून, म्हणजे गिरक्या खात कोसळण्यातून, सावरण्याचा उपाय म्हणून हे पॅराशूटच ग्राह्य धरलं गेलं. सेसना १७२ला असं पॅराशूट हौसेने बसवतात, तिथे ते काढूनही टाकता येतं. तुमच्यात ते पंखासारखंच विमानाचा भाग आहे.

बंद डब्यातल्या पॅराशूटला काय होतं, तेही त्यांना सांगा. कापड प्रचंड दाबाखाली ठासून भरलेलं असतं. रॉकेटमधलं घन इंधन आणि ते पेटवणारा भाग काळाबरोबर जुना होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या हँगरात किती तापतं ते तुम्ही बघताच, त्यावर चार महिन्यांचा पावसाळी दमटपणा. बाहेरून बघून कुणाला काही कळत नाही, म्हणून तर तारीख ठरवून दिलेली आहे.

आता कागद. ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराकडून रॉकेटचा यूएन क्रमांक आणि धोकादायक मालाचा वर्ग लेखी घ्या. तो कागद जोडून नागपूरच्या पेसोला, म्हणजे स्फोटक द्रव्यांच्या केंद्रीय कार्यालयाला, आयात परवान्याबद्दल पत्र लिहा. पैसे भरल्यावर माल विमानतळावर अडकला तर हाल होतात. प्रत्येक वस्तूबरोबर ती विमानात बसवायला योग्य असल्याचा दाखला, म्हणजे अमेरिकेचा ८१३०-३ किंवा युरोपचा फॉर्म वन, आलाच पाहिजे, तो नसेल तर नवाकोरा भागही बसवता येत नाही. १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांवर अटींसह ५ टक्के आयजीएसटी आहे, तेव्हा कस्टम एजंट विमानाच्या कामातलाच धरा.

अग्निशामकाबद्दल भाऊजींना माझा निरोप द्या: गाडीतला पावडरचा अग्निशामक विमानात नको. बंद कॉकपिटमध्ये ती पावडर उडाली की पायलटला समोरचं दिसत नाही, आणि नंतर ती ॲल्युमिनियम आणि वायरिंग खात बसते. हॅलॉन महागच असणार, कारण विकसित देशांत १९९४ पासून त्याचं नवं उत्पादन बंद आहे आणि जुनाच शुद्ध करून वापरतात.

तिघांचं_विमान:

आमचंही भागीदारीतलं विमान आहे, पॅराशूट नाही, पण इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी हाच वाद झाला होता. आम्ही ताशी वर्गणी लावली. तुमचा हिशेब करून बघा. १५ लाख भागिले १० वर्षं म्हणजे वर्षाला दीड लाख. विमान वर्षाला ७५ तास उडत असेल तर तासाला २००० रुपये. जो उडवेल त्याने पेट्रोलबरोबर हेही भरायचं, आणि हे खातं वेगळं, दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. पण पॅराशूट उभ्या विमानातही जुनं होतं, म्हणून थोडी रक्कम दरमहा तिघांनी सारखी टाकावी आणि उरलेली तासाप्रमाणे. या वेळचे पाच-पाच लाख मात्र काढावेच लागतील, त्याला इलाज नाही.

पाटण_खोरे:

विमानातलं मला काही कळत नाही, गावाकडचं सांगतो. ताई, आमच्या भागात असं काही पडलं तर पोलीस यायच्या आत शंभर माणसं तिथे पोचतील. माणसं बाहेर काढायला जो तो मिळेल ते ओढेल, पत्रा कापेल. पॅराशूट सुटलेलं नसेल तर ते रॉकेट आत तसंच भरलेलं असणार ना? मग मदतीला आलेल्यांचं काय?

निवृत्त_एएमई:

पाटणकर, फार महत्त्वाचं विचारलंत. होय, न सुटलेलं रॉकेट अपघातानंतरही जिवंत असतं, आणि मुदत संपली म्हणून ते निकामी होत नाही. म्हणूनच अशा विमानांवर धोक्याची सूचना चिकटवलेली असते. केबल ओढायची नाही, तो भाग कापायचा नाही, आणि रॉकेट ज्या दिशेने सुटतं तिथे उभं राहायचं नाही. वहिनी, स्टिकर फिके पडले असतील तर तेही बदला, आणि मराठीत एक पान करून कराड नगरपालिकेच्या अग्निशमन दलाला आणि पाटण पोलीस ठाण्याला देऊन ठेवा. काढलेलं जुनं रॉकेट हँगरच्या कोपऱ्यात पडू देऊ नका, त्याची विल्हेवाट कोण लावणार हे काम देतानाच लिहून घ्या.

बारामती_कॅडेट:

ताई, ईएलटीची बॅटरी त्याच कंपनीची आणि त्याच पार्ट नंबरची लागेल, बाजारातली चालणार नाही. ती बहुधा लिथियमची असते, तशी असेल तर तीही धोकादायक माल म्हणूनच येते. विमान अमेरिकेतून आलेलं असेल तर ईएलटीच्या संदेशातला देशाचा कोड भारताचा केलाय का ते बघा. भारताचा देश-क्रमांक ४१९. नोंदणी बेंगळुरूला इस्रोच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे होते, आणि त्यात दिलेले फोन नंबर चालू हवेत. संदेश आला की पहिला फोन त्याच नंबरांवर येतो. १२१.५ मेगाहर्ट्झचं एकटं जुनं यंत्र असेल तर त्यावर विसंबू नका, उपग्रहांनी ती फ्रिक्वेन्सी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलंय.

कराडकर_वहिनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. एएमई काका, तुमचा प्रतिसाद छापून दोघा भाऊजींना दिला. सांगलीचे भाऊजी स्पिनचा मुद्दा वाचून गप्प झाले आणि तासाला २००० रुपयांना लगेच तयार झाले. विमान नव्या पॅराशूटशिवाय उडणार नाही, हे तिघांनी लिहून सह्या केल्यात. ईएलटी उपग्रह ऐकतात त्या ४०६ मेगाहर्ट्झचंच आहे, कोड ४१९नेच सुरू होतो, पण नोंदणीत आधीच्या मालकांचा नंबर होता. तो बदलायला कालच मेल केली. पाटणकर दादा, मराठीतलं पान मी लिहायला घेतलंय, झालं की इथे टाकते. गावातल्या माणसाला ते समजतंय का, एवढं वाचून सांगाल का?

पेसोला पत्र जातंय. एकच गोष्ट अजून अडलेली आहे: आवरण कापून पुन्हा बसवण्याचं फायबरचं काम करणारी, डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेली जागा महाराष्ट्रात किंवा बेंगळुरूकडे कुणी स्वतः वापरली असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा.