मदत हवी आहे: दुबई, सिंगापूर, एस्टोनिया की आपलं नागपूरच?

नमस्कार मंडळी,
नागपुरात महाल भागात मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून यंत्रांच्या सुट्या भागांची डिझाइनं करून देतो. गिऱ्हाईक जवळपास सगळं परदेशातलं. कंपनी बाहेर नोंदवून बिऱ्हाडही तिकडेच हलवावं का, या विचारानं झोप उडाली आहे.

कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं, याच्या जागतिक बँकेच्या यादीवर आधी मी विसंबून होतो. २०२० च्या यादीत न्यूझीलंड पहिला, सिंगापूर दुसरा, भारत ६३वा. पण आकडेवारीतल्या घोळामुळे बँकेनं २०२१ मध्ये ती यादीच बंद केली. आणि धंदा सोपा म्हणजे संसार सोपा, असं थोडंच असतं?

दुबईत पगारावर आयकर नाही, पण २०२३ पासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर कंपनीला ९ टक्के कर लागतो. सिंगापुरात हाच दर १७ टक्के. युरोपातल्या एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी (परदेशी माणसाला तिथलं सरकार देतं ती डिजिटल ओळख) घेऊन इथूनच कंपनी चालवता येते, मात्र तिच्या जोरावर तिथे राहता येत नाही. इथे राहिलो तर बाहेरच्या कमाईवरही भारतात आयकर आहेच.

वहीत रकाने आखून सगळं मांडलंय. कर, भाडं, शाळा भरलं. ‘आई’ हा रकाना कोराच आहे. ती ७२ वर्षांची, गुडघ्यांनी अधू.

आई-वडिलांना सोबत नेलेल्यांनी कृपया सांगा: त्यांचा व्हिसा, आरोग्य विमा कसा जमवला? त्यांचं मन तिथे रमलं का? परत आलेल्यांचे अनुभव तर नक्की हवेत.