पुस्तकपेटीला कुलूप लावायचं का?

गिरणाकाठ, जळगाव
दिवाळीत आम्ही कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये, मारुतीच्या देवळाला लागून पुस्तकपेटी उभी केली. बंद पडलेला फ्रीज, आत तीन फळ्या, वर पाटी : ‘हवं ते न्या, जमेल ते ठेवा.’ वर्गणी नाही, नोंद नाही. परवाच्या बैठकीत मागणी आली की पुस्तकं परत येत नाहीत, तेव्हा कुलूप लावा, चावी एकाकडे द्या, वहीत सही घ्या. माझा याला ठाम विरोध आहे.

मूळ कल्पना अमेरिकेतल्या हडसन गावच्या टॉड बोल यांची. शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीत त्यांनी २००९ साली शाळेच्या इमारतीसारखी दिसणारी छोटी पेटी करून घरासमोर लावली. आज जगात अशा लाखाहून जास्त पेट्या आहेत. त्या पसरल्या, कारण तिथे कोणी नाव-गाव विचारत नाही. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या एक ताई मुलीसाठी ‘किशोर’चे जुने अंक नेतात. आजूबाजूला कोणी नाही असं बघूनच फ्रीजचं दार उघडतात. सही मागितली तर त्या पुन्हा येणार नाहीत.

भुसावळकर
दादा, तळमळ समजते, पण आमच्या भागात हाच प्रयोग झाला आणि वर्षाच्या आत बसला. पहिल्या आठवड्यात पोलिस भरती आणि एमपीएससीची पुस्तकं गेली. मग कथा-कादंबऱ्या गेल्या. राहिलं काय? जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं, औषध कंपन्यांच्या डायऱ्या, बारशाचा अल्बमसुद्धा! लोकांनी घर आवरलं आणि अडगळ पेटीत आणून टाकली. शेवटी उरलंसुरलं सगळं रद्दीच्या तराजूवर गेलं.

आणि आपला उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तापलेल्या पत्र्याच्या पेटीत पुस्तकाच्या पाठीचा डिंक सुटतो, उघडलं की पानांचा गठ्ठा हातात येतो. त्यामागून पावसाळा, कसर, वाळवी. देणाऱ्यानं जपलेल्या पुस्तकाचे असे हाल बघवत नाहीत.

अमळनेरहून
मी ग्रंथालयात नोकरी केली आहे, म्हणून कुलपापेक्षा वेगळा मुद्दा मांडते. राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. खेड्यातली बरीच वाचनालयं ‘ड’ वर्गात कशीबशी तग धरून आहेत. तिथल्या सेवकाचा पगार ऐकलात तर वाईट वाटेल. कॉलनीतली सुशिक्षित घरं पेटीवर समाधान मानू लागली तर वाचनालयाचा सभासद कोण होणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्याकडे ९७ वं साहित्य संमेलन झालं. तेव्हा घेतलेली पुस्तकं वाचून झाली असतील तर जवळच्या वाचनालयाला द्या. तिथे ती नोंदली जातील, बांधली जातील, टिकतील.

शिरपूरची वाचक
ताई, वाचनालयाबद्दल मलाही आदर आहे. पण आमच्याकडे ते सकाळी उघडतं, दुपारी बंद होतं आणि संध्याकाळी पुन्हा उघडतं. म्हणजे नेमकं बायकांच्या स्वयंपाकाच्या आणि शेतमजुरांच्या कामाच्या वेळेला. शिवाय अनामत. कापूस वेचून आलेल्या पोरीनं वाचायचं कधी? पेटी रात्री नऊलाही उघडी असते. जवळच्या पेटीतून पुस्तक नेणाऱ्या एका मुलाबद्दल तक्रार झाली, तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘लई गया ते लई गया, वाची तर राह्यना ना तो!’ (नेलं तर नेलं, वाचतोय तरी ना तो!) मला हे पूर्ण पटतं.

भुसावळकर
वाचतोय की विकतोय, हे कोण बघतं? माझं म्हणणं पेटी नको असं नाही, पेटीला माणूस हवा असं आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रम बघा. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, गटातला एक जण ती सांभाळतो आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. ही योजना परदेशातही पोचली. जबाबदारी ठरलेली आहे म्हणूनच ती चालते.

गिरणाकाठ, जळगाव
माणूस हवा हे शंभर टक्के मान्य. पण त्यानं वाचकावर नजर ठेवायची नाही, पेटीकडे बघायचं. गाईडं आणि डायऱ्या बाहेर काढायच्या, सुटलेली पानं चिकटवायची, अडगळ आणणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायचं. पुस्तक परत आलं नाही म्हणून मला दुःख होत नाही. कोणाच्या तरी घरी त्याला फळी मिळाली. सहा महिने एकाच जागी पडून राहिलं तर मात्र वाईट वाटतं.

ताईंचं म्हणणं मनाला लागलं. पेटीच्या दारावर आतून वाचनालयाचा पत्ता, वेळ आणि वर्गणी लिहिता येईल. संदर्भग्रंथ, जुने दिवाळी अंक असं टिकवण्याजोगं काही आलं तर ते सरळ तिकडे पोचवू.

अमळनेरहून
पत्ता लिहाच. आणि वाचनालयाच्या समितीला भेटून विचारा, त्यांच्याकडच्या जादा प्रती पेटीसाठी मिळतील का. पण सभासदत्वाचा आग्रह मी सोडणार नाही. पेटी कोणीही कधीही उचलून नेईल. वाचनालय बंद पडलं तर पुन्हा उभं करायला पिढी जाते.

भुसावळकर
कुलपाचा हट्ट सोडतो, वहीचा नाही. नाव नको, फक्त कोणतं पुस्तक गेलं एवढं लिहू दे. आणि एप्रिलच्या आत तो फ्रीज देवळाच्या ओट्यावर, निंबाच्या सावलीत हलवा.