पश्चिमेची काच आणि स्कँडिनेव्हियन थाट

स्कँडिनेव्हियन शैली, म्हणजे स्वीडन-नॉर्वेकडची फिकट लाकूड, पांढऱ्या भिंती नि मोठ्या काचांची सजावट, कुठल्याही घरात खपून जाते, असं म्हणतात. रंग आणि फर्निचरपुरतं मान्य. पण त्या बिनपडद्याच्या मोठ्या काचा? स्वीडनमधल्या स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम ६ तासांचा, म्हणून मिळेल तेवढा उजेड आत ओढायची ती सोय. आपल्या भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. पश्चिमेला तशी काच लावा आणि दुपारी चारला सोफ्यावर बसून दाखवा! आपल्याकडच्या धाब्याच्या (सपाट मातीच्या छपराच्या) घरांना मातीच्या जाड भिंती नि लहान खिडक्या उगीच नव्हत्या.

आम्ही फ्लॅटमध्ये फिकट लाकूड, पांढऱ्या भिंती ठेवल्या, पण पश्चिमेच्या खिडकीला बांबूच्या काड्यांचा पडदा (चिक) लावला, तोही बाहेरून. आतला पडदा दिसतो छान, पण ऊन काचेतून आत आलेलं असतंच.