फाउंटन पेनात रंगीत शाई घालावी की नाही?

रामबागकर, इंदूर
खजूरी बाजारात फाउंटन पेनाची शाई मागितली की दुकानदाराचा हात निळ्या, काळ्या किंवा निळ्या-काळ्या बाटलीकडे जातो आणि आपणही तीच निमूटपणे घेऊन येतो. कचेरीच्या कामाला हे रंग ठीक आहेत. पण आज जो हौसेने फाउंटन पेन वापरतो, त्याने तेवढ्यातच का अडकावे? जपानच्या पायलट कंपनीने २००७ पासून इरोशिझुकू या नावाने निसर्गातल्या रंगछटांच्या शाया काढल्या आहेत. माझ्या मते मोरपंखी किंवा विटकरी शाईतच या पेनाचे वैशिष्ट्य उठून दिसते, कारण अक्षराच्या वळणावर शाई साचते तिथे रंग गडद होतो आणि झरझर ओढलेल्या रेषेत तोच फिका उतरतो.

जुनी दौत, इंदूर
आपल्याशी सहमत होता येत नाही. या शायांतील बहुतेक रंग पाण्यात विरघळणारे असतात. पानावर चहाचा थेंब पडला की ओळ गेली, आणि लाल-जांभळ्या छटांपैकी अनेक उजेडात लवकर विटतात. याउलट मायफळातील टॅनिन आणि फेरस सल्फेट यांपासून केलेली निळी-काळी शाई कागदावर हवेशी संयोग पावून काळी पडते व धुऊन जात नाही. ती आम्लधर्मी असल्याने पोलादी निबेला जपावे लागते, हे मान्य; पण लिहिलेले टिकणार नसेल तर लिहायचे कशासाठी?

मोडीवाचक, ग्वाल्हेर
टिकाऊपणाचा निकष लावायचा तर जुन्या मोडी कागदांवरील काजळाची शाई सर्वांत सरस ठरेल, कारण कार्बन उजेडाने विटत नाही. मात्र काजळ आणि डिंकाची ती शाई फाउंटन पेनात भरली तर निबेखालची जीभ, म्हणजे निबेला शाई पुरवणारी फीड, तुंबून पेनच निकामी होईल. तेव्हा या पेनापुरता तरी टिकाऊपणा हा एकमेव निकष होऊ शकत नाही.

जुनी दौत, इंदूर
काजळाची शाई भरा असे मी कुठे म्हटले?

पिस्टनवाला, इंदूर
वाद रंगाचा कमी आणि धुण्याचा जास्त आहे. दोन शाया पेनात मिसळल्या तर कधीकधी गाळ धरतो, म्हणून रंग बदलताना पाणी स्वच्छ निघेपर्यंत पेन धुवावे लागते. कन्व्हर्टर, म्हणजे शाई भरायची सुटी नळी, काढून हे चटकन होते; ज्यात शाई ओढणारा दट्ट्या पेनातच बसवलेला असतो त्या पिस्टनच्या पेनाला मात्र चिकाटी लागते. आपल्याकडे बोअरिंगचे पाणी क्षारयुक्त असते, त्यामुळे शेवटचे पाणी डिस्टिल्ड असावे. आणि एबोनाइटचे (कडक रबराचे) पेन गरम पाण्यात कधीही बुडवू नये, त्याची झिलई जाते. चमकीच्या शाईचे कण तळाशी बसतात, तेव्हा ती अरुंद फीडच्या पेनात नको. पारदर्शक पेनात लाल किंवा जांभळी शाई भरणाऱ्याने डाग कायमचे राहू शकतात हे आधीच स्वीकारावे. इतके करण्याचा कंटाळा असणाऱ्यांना जुनी दौत यांचा सल्लाच योग्य आहे.

रामबागकर, इंदूर
धुण्याचे सारे मान्य, कारण तोही हौसेचाच भाग आहे. दस्तऐवज आणि धनादेश मीही मोरपंखी शाईने लिहिणार नाही. पण रोजनिशी, वाचनाच्या नोंदी, मित्राला पत्र यांना शंभर वर्षांच्या हमीची अट कशासाठी?

जुनी दौत, इंदूर
कारण कोणते पत्र पुढे जपावेसे वाटेल, हे लिहिताना ठाऊक नसते. आपण दोन पेने बाळगावीत. माझे एकच आहे आणि त्यात निळी-काळीच राहील.