पॅकार्ड सुपर क्लिपर १९४७: डिझेल काढून मूळ स्ट्रेट-एट (एका ओळीत आठ सिलिंडरचं इंजिन) परत बसवायचंय, सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ४७ विचारतात:

गाडी पॅकार्ड सुपर क्लिपर, चार दारी, १९४७ ची, मॉडेल २१०३, राइट हँड ड्राइव्ह. फायरवॉलवरची कंपनीची पाटी जागेवर आहे. मधल्या काळात कुणीतरी डिझेल इंजिन आणि त्याच्याच सोबतचा गिअरबॉक्स बसवलाय. मूळ इंजिन शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर पडून आहे. हेड बसवलेलं आहे, पण कार्ब्युरेटर काढलेला आणि मॅनिफोल्डचं तोंड उघडं. फ्लायव्हीलला टॉमी लावून जोर दिला तरी तसूभर हलत नाही.

वायरिंग १२ व्होल्टची केलेली आहे. ग्रिलच्या क्रोमला पुटकुळ्या आल्यात, सीटवर रेक्झिन आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची इच्छा आहे. इंजिन सोडवायचं कसं? ६ व्होल्टवर परत जावं का? ग्रिलचं काय करू? आणि आरसीवर इंधन डिझेल लिहिलंय, त्याची वाट काय?

स्ट्रेटएट यांचं उत्तर:

इंजिनाला हात लावण्याआधी ते नक्की याच गाडीचं आहे का हे बघा. २१०३ मध्ये ३५६ घन इंचांचं, १६५ अश्वशक्तीचं इंजिन येत असे. शेडमध्ये पडलेली पॅकार्ड इंजिनं बऱ्याचदा भलत्याच मॉडेलची निघतात. पॅकार्डच्याच २८२ घन इंचांच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३¼ इंच, त्यामुळे ते लगेच ओळखता येतं. घोटाळा होतो तो १९४८ नंतरच्या २८८ आणि ३२७ शी, कारण तिन्हींचा बोअर ३½ इंचच आहे. फरक स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरखाली धावेत: २८८ ला ३¾, ३२७ ला ४¼ आणि ३५६ ला ४⅝ इंच. तुमचं इंजिन जाम आहे, म्हणजे स्ट्रोक मोजता येणार नाही. तेव्हा ऑइल पॅन काढा आणि मेन बेअरिंगच्या कॅप मोजा. ३५६ ला नऊ असतात, १९४८ ते ५० च्या २८८ आणि ३२७ ला पाच. बाजूचं टॅपेट कव्हर उघडून ३५६ ला असतात तसे हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे, तेलाच्या दाबावरचे) आहेत का तेही बघून घ्या. ब्लॉकवरचा नंबर आणि जुन्या आरसी बुकातला पहिला इंजिन नंबर जुळला, तर तो कागद जपून ठेवा, पुढे फार उपयोगी पडेल.

डिझेल इंजिन अजून गाडीतच आहे ना? मग ते उतरवण्यापूर्वी काय काय नाही याची यादी करा. बेलहाऊसिंग, फ्लायव्हील, क्लच फोर्क, स्टार्टर, पुढचे आणि मागचे माउंटिंग, मूळ गिअरबॉक्स, स्टिअरिंग कॉलमवरच्या गिअरची लिंकेज, अ‍ॅक्सिलरेटरच्या कांड्या, रेडिएटर आणि फॅनचं आवरण, एकेक बघा. डिझेल बसवताना प्रोपेलर शाफ्ट कापून लांब-आखूड केलेला असतो, पुढचा क्रॉस मेंबर गॅस कटरने खाल्लेला असतो आणि फायरवॉलला नवी भोकं पडलेली असतात. चॅसीच्या दोन्ही बाजूंनी कर्णरेषेत माप घ्या. दोन कर्णांत फरक आला तर आधी चॅसीचं काम, बाकी सगळं नंतर.

इंजिनाचे, ब्रेकचे आणि गिअरबॉक्सचे आतले भाग अमेरिकेतून मागवता येतात. उजव्या बाजूचं स्टिअरिंग, पेडल आणि त्यांच्या लिंकेज तिथे सहज मिळत नाहीत. त्यामुळे गाडीवर जे उजवीकडचं आहे त्यातला गंजका ब्रॅकेटही भंगारात जाऊ देऊ नका. नमुना हाती असला तर लेथवाला दुसरा घडवून देईल.

लेथ_आणि_बोअरिंग यांचं उत्तर:

जाम इंजिनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण हे इंजिन घाईमुळे जातं.

मॅनिफोल्ड उघडं राहिलं की पाणी आठही सिलिंडरमध्ये जात नाही. ज्यांचा इनटेक व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा होता तिथेच जातं. म्हणून जाम बहुधा एका-दोन सिलिंडरमध्ये असतो आणि बाकीचे चांगले निघतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये अ‍ॅसिटोन आणि ऑटो ट्रान्समिशन ऑइल निम्मं निम्मं मिसळून ओता. अ‍ॅसिटोन उडून जातं, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा ओतत राहा. पंधरा दिवस असंच ठेवा आणि तोवर क्रँकला जोर देऊ नका. एका सिलिंडरमधलं मिश्रण लगेच गळून गेलं आणि दुसऱ्यातलं तसंच उभं राहिलं, तर दुसऱ्यात रिंगा घट्ट चिकटल्यात असं समजा.

मग हेड काढा. बोल्ट टोकांकडून मधे येत, प्रत्येकी पाव फेरा करत सैल करा. न सुटणाऱ्या बोल्टचं डोकं तापवा, थंड होऊ द्या, गंज सोडवणारं तेल टाका, पुन्हा तापवा. पान्याला पाइप लावून झटका दिलात की बोल्ट ब्लॉकमध्येच तुटणार. आठ सिलिंडरचं हेड लांबलचक असतं, एका टोकाला छिन्नी घालून उचकटलं तर तडकतं. जुन्या प्लगची चिनीमाती काढून त्यांच्या खोबणीत डोळ्याचे बोल्ट वेल्ड करा, दोन जागी बसवा आणि चेन-ब्लॉकने सरळ वर उचला.

हेड निघालं की गंज समोर दिसेल. वरची कड रिजरीमरने काढून टाका, नाहीतर पिस्टनची लँड तिथे अडकून फुटते. रॉड सोडा आणि लाकडाचा ठोकळा ठेवून पिस्टन थोडा थोडा हलवा, आधी गंज नसलेल्या दिशेला. हे साइड व्हॉल्व्ह इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये, असल्यामुळे व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी पिस्टन त्यावर आदळत नाही. तेवढी सूट या बांधणीत मिळते.

बोअरमध्ये नखाला लागेल एवढा खड्डा असेल तर होनिंगने भागणार नाही. आधी पिस्टन कोणत्या ओव्हरसाइजमध्ये हाती येतात ते बघा, २० थाउ (इंचाचा हजारावा भाग), ३० की ४०, आणि पिस्टन टेबलावर आल्यावरच बोअरिंगला द्या. एकच सिलिंडर खराब असेल तर त्यालाच लायनर घाला. ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीची भोकं बंद करणाऱ्या चकत्या, म्हणजे वेल्श प्लग, सगळे काढा. मागच्या सात आणि आठ नंबरभोवती गाळ दगडासारखा बसलेला असतो, तार आणि दाबाचं पाणी घालून तो पूर्ण निघेपर्यंत सोडू नका. तो राहिला तर मागचे सिलिंडर तापतात आणि व्हॉल्व्ह सीटपासून बोअरपर्यंत चीर जाते. चीर आधीच आहे का हे मॅग्नाफ्लक्सने, म्हणजे चुंबकीय चाचणीने, तपासा. बिडाला वेल्डिंग नको, स्टिचिंग (चिरेवर धातूच्या पिना ठोकून सांधणं) करून घ्या.

हायड्रॉलिक टॅपेटवर बहुतेक मेकॅनिक फसतात. प्रत्येक टॅपेटची बॉडी आणि आतला प्लंजर जोडीने जुळवलेले असतात. सोळा डबे घ्या, नंबर घाला, एका वेळी एकच खोला. थिनरने धुऊन प्लंजर स्वतःच्या वजनाने सरकतो का पाहा. या टॅपेटला अ‍ॅडजस्टिंग स्क्रू नसतो. व्हॉल्व्ह आणि सीट ग्राइंड केली की स्टेम खाली येतो आणि अंतर कमी होतं. म्हणून प्लंजर कोरडा, तळाला टेकवून फीलर गेजने अंतर मोजायचं आणि शॉप मॅन्युअलच्या मर्यादेत येईपर्यंत स्टेमचं टोक ग्राइंड करायचं. हे राहिलं तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि थोड्याच दिवसांत व्हॉल्व्ह जळतो. मग दोष निष्कारण कार्ब्युरेटरला दिला जातो.

क्रँक ग्राइंडिंगहून आला की उभा ठेवा, दोन टोकांवर आडवा टेकवू नका. एवढा लांब क्रँक स्वतःच्या वजनाने वाकतो. इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकत्र जोडून एकाच पातळीत फेसिंग करून घ्या आणि नट बेताने आवळा. तापल्यावर लांब एक्झॉस्टला सरकायला जागा लागते, ती मिळाली नाही तर तो तडकतो.

कृष्णाकाठ४७:

मेन कॅप नऊ निघाल्या, टॅपेट हायड्रॉलिक आहेत, जुन्या बुकातला नंबरही जुळला. सहा आणि सातमधलं मिश्रण उभं राहिलंय, बाकीच्यांतून गळालं. सगळे इलेक्ट्रिशियन १२ व्होल्टच ठेवा म्हणतात, ६ वर स्टार्टर फिरत नाही असं त्यांचं म्हणणं. खरं आहे का?

धन_भूमी यांचं उत्तर:

नाही. ६ व्होल्टवर स्टार्टर रेंगाळतो तो केबलमुळे. तेवढ्याच कामाला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो. वाटेत अर्धा व्होल्ट खाल्ला गेला तर १२ मधून चार टक्के जातात, ६ मधून आठ. १२ ची बारीक केबल तशीच ठेवली तर स्टार्टर बिचारा काय करणार? बॅटरी ते स्टार्टर आणि बॅटरी ते चॅसी ५० ते ७० चौरस मिमी तांब्याची केबल घाला. इंजिन ते चॅसी तेवढ्याच जाडीचा वेगळा पट्टा द्या आणि तो बसतो तिथला रंग खरवडून धातू उघडा करा. बाकीच्या तारांचा छेद १२ व्होल्टच्या दुप्पट घ्या. ४५ वॉटचा दिवा ६ वर साडेसात अँपिअर ओढतो, म्हणून हेडलाइटला रिले लावा आणि तो नजरेआड बसवा.

मूळ गाडीत बॅटरीचं धन टोक चॅसीला जातं, ते तसंच ठेवा. इग्निशन कॉइलचं धन टर्मिनल डिस्ट्रिब्यूटरकडे यायला हवं. ते उलटं लागलं तर गाडी चालते, पण ठिणगी कमजोर पडते आणि गरम असताना मिसिंग येतं. अ‍ॅमीटरही उलटा दाखवत असेल तर दोन तारा बदला. १२ ला जोडलेला डायनॅमो ६ चा करून घेतल्यावर पोलराइज करावा लागतो, म्हणजे त्याचं धन-ऋण बॅटरीशी जुळवावं लागतं. सगळं जोडून, इंजिन सुरू करण्यापूर्वी, रेग्युलेटरच्या बॅटरी आणि आर्मेचर या टर्मिनलना तारेचा तुकडा क्षणभर टेकवा, एक ठिणगी पुरे. फील्डच्या टर्मिनलला टेकवू नका.

इंधनाचा काटा, घड्याळ, रेडिओ हे सगळं ६ व्होल्टचं आहे. १२ ठेवलंत तर प्रत्येकापुढे रेझिस्टन्स लावत बसाल आणि गाडी मूळची राहणार नाही ती नाहीच.

मझाक_पॉलिश यांचं उत्तर:

ग्रिल लोखंडाची नाही, मझाकची, म्हणजे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असणार. चुंबक लावून खात्री करून घ्या. बंपर लोखंडी, ते कुठल्याही चांगल्या प्लेटरकडे द्या. मझाक मात्र बंपरच्या टाकीत कधीही देऊ नका. जुनं क्रोम काढायच्या आम्लात जस्त विरघळतं आणि कोरीव रेषा नाहीशा होतात. जुनं क्रोम-निकेल उतरल्यावर प्रत्येक पुटकुळी बारीक ड्रिलने पांढरा धातू दिसेपर्यंत खोदायची. मग सायनाइड कॉपरचा पातळ थर, खड्ड्यांत कमी तापमानाचं सोल्डर, पुन्हा कॉपर, घासाई, आम्ल कॉपर, बफिंग, निकेल आणि शेवटी क्रोम. खड्डे न खोदता वरून कॉपर चढवलं तर आतला गंज क्रोमसकट पापुद्रा उचलतो. हुडवरचा पक्षी आणि मागच्या दिव्यांचे सांगाडे याच पद्धतीने. प्लेटरकडे देण्याआधी स्क्रूची भोकं मोजून फोटो काढा, बफिंगमध्ये ती मोठी होतात.

रंगाचा मूळ नमुना डॅशच्या मागे किंवा डिकीच्या बिजागरीखाली सापडेल. हजारचा पॉलिश पेपर ओला करून थरावर थर उघडत जा. मूळ रंग ड्युको, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. आज पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ आहे, पण त्याची काचेसारखी चमक या बॉडीला जड दिसते. माझं मत ड्युकोच्या बाजूने. पीयूच करणार असाल तर क्लिअर कोट नको, एकाच थराचा रंग घ्या. पत्र्याच्या जोडांवर मूळचं शिसं आहे, डेंटरला तिथे जाड लांबी (पुट्टी) भरू देऊ नका. सीटला लोकरीचं ब्रॉडक्लॉथ. रेक्झिन उसवताना शिवणीखाली मूळ कापडाचा तुकडा शिल्लक आहे का बघा, रंग आणि वीण त्यावरूनच ठरवा.

कागदपत्र_आधी यांचं उत्तर:

इंजिन आणि इंधनातला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो. आरटीओची मंजुरी घेऊन इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही आरसीवर बदलून घ्या. जुनं बुक पेट्रोलचं आणि त्याच इंजिन नंबरचं आहे, त्याची प्रत जोडा.

२०२१ च्या व्हिंटेज नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. म्हणजे डिझेल असताना तो अर्ज करून उपयोग नाही, आधी मूळ इंजिन बसू द्या. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, 'व्हीए' मालिकेचा घ्यावाच लागतो असं नाही. मात्र व्हिंटेज नोंदणीची गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी नाही. वर्षातून चार-पाचदा काढायची असेल तर ती कशासाठी, हे ठरवूनच अर्ज करा.

स्ट्रेटएट:

आणखी दोन गोष्टी. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. पंपाचा डायफ्राम, रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं इथेनॉल सोसणारीच घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल रिकामा करून ठेवा. व्हॅक्यूमवरचा वायपर चढावर मंदावत असेल तर इंधन पंपातला व्हॅक्यूमचा डायफ्रामही तपासा.

मागचा अ‍ॅक्सल हायपॉइड गिअरचा आहे, त्याला जीएल-५ दर्जाचं ९० नंबर गिअर ऑइल घाला. तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातल्या गंधकाने पितळी सिंक्रो रिंगा खराब होतात, तिथे जीएल-४. आणि इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक पूर्ण करा. मास्टर आणि व्हील सिलिंडरला पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह, नळ्या सगळ्या नव्या, होज तिन्ही नवे. इंजिन पहिल्यांदा फिरवताना प्लग काढून ठेवा आणि ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत नुसत्या स्टार्टरवर फिरवा, दहा सेकंद फिरवून मिनिटभर थांबत. काटा उचलला की मगच प्लग लावा.