सर्किट सिटी आणि तबकड्यांचा व्यवहार
सर्किट सिटी ही अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची साखळी निव्वळ ऑनलाइन खरेदीमुळे बुडाली, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते; चित्रपटांच्या धंद्यात तिने आधीच हात पोळून घेतले होते. १९९८ मध्ये तिने डिव्हएक्स नावाच्या, डीव्हीडीसारख्या चित्रपटांच्या तबकड्या आणल्या. तबकडी प्रथम लावल्यापासून ४८ तासांत चित्रपट पाहायचा, नंतर पाहायचा तर पुन्हा पैसे मोजायचे, आणि हा हिशोब कंपनीपर्यंत पोहोचावा म्हणून प्लेअर टेलिफोनच्या तारेला जोडायचा, अशी ती (काहीशी संशयी) योजना होती. डिस्ने, पॅरामाउंट यांसारखे स्टुडिओ सोबत होते; परंतु प्रतिस्पर्ध्याच्या मालकीचा माल इतर दुकानदार आपल्या फळीवर कशाला मांडतील? जून १९९९ मध्ये हा व्यवहार गुंडाळावा लागला.