रेडिओसाठी माहितीपट केला, पण ऐकणारे म्हणतात 'व्याख्यान झालंय'. काय करू?

फावल्यावेळी:
नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी एकटीच रेडिओसाठी माहितीपट करते. पाठीशी कुणी नाही, त्यामुळे 'हे काप' म्हणणारंही कुणी नाही. पहिली मालिका तीन भागांची: एक पल्सारवर (स्वतःभोवती गरगर फिरताना दर फेरीला रेडिओतरंगांचा ठोका देणारे तारे), एक जुन्या घुमटाच्या वास्तूवर, एक तीन दिवसांच्या स्थानिक कलामहोत्सवावर. प्रत्येक भाग २८ मिनिटांचा.

पल्सारचा भाग चौघांना ऐकवला. चौघांनी कौतुक केलं आणि चौघांनीही मध्येच फोन चाळला. शेवटी एक मैत्रीण म्हणाली, "छान आहे गं, पण व्याख्यान वाटतं." राग आला. मग घड्याळ लावून मोजलं: माझं निवेदन १७ मिनिटं, खगोलशास्त्रज्ञांची मुलाखत ९, उरलेलं संगीत.

मुलाखत मुळात दोन तासांची आहे. त्यांच्या घरी घेतली, शेजारी फ्रिज होता. तेव्हा कानाला जाणवलाच नाही. आता वाक्य कापलं की मागची घरघर उडी मारते. महोत्सवाचं तर विचारूच नका. स्पीकरसमोर उभी राहिले आणि सगळा आवाज फाटला. कुठून सुरुवात करू?

कानसेन:
१७ आणि ९ हे आकडे तुम्हीच काढलेत, म्हणजे निम्मं निदान झालंच.

दुसऱ्यांचे कार्यक्रम कापण्यात माझी बरीच वर्षं गेली. आमच्या वेळी रेडिओवरच्या माहितीपटाला रूपक म्हणायचे. नवीन माणूस आला की मी एवढंच विचारायचो, "काय लिहून आणलंस ते राहू दे, ऐकायला काय आणलंस?" बहुतेकांच्या पिशवीत मुलाखती असायच्या. आवाज नसायचे.

१९५८ साली बीबीसीवर 'द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन' लागलं होतं. वाफेची नळी फुटून ब्रेक गेले, तरी मालगाडी सोडून न जाता जीव गमावलेल्या इंजिन ड्रायव्हरची गोष्ट. तेव्हाचा रिवाज असा, की लोकांशी बोलायचं, त्यावरून संहिता लिहायची आणि ती नटांकडून म्हणवून घ्यायची. निर्माते चार्ल्स पार्कर आणि गीतकार इवान मॅकॉल टेपा ऐकायला बसले आणि नटांचा विचारच सुटला. रेल्वेतली माणसं स्वतः जे आणि जसं बोलत होती, ते लिहून येण्यासारखं नव्हतं. निवेदकही ठेवला नाही. हा धरून त्या धर्तीचे १९६४ पर्यंत आठ कार्यक्रम झाले.

तुम्ही एक करा. फाईलची प्रत काढा, त्यातलं तुमचं सगळं बोलणं पुसा आणि उरलेलं ऐका. जिथे अगदीच अडखळाल तिथे एक वाक्य लिहा. एकच.

घरघरीचं औषध सोपं आहे. त्याच खोलीत जा, फ्रिज चालू ठेवा आणि कुणी न बोलता दोन मिनिटं नुसती खोली रेकॉर्ड करा. ती पट्टी खालून सलग अंथरली की वरचे सांधे कळत नाहीत. पुढच्या वेळी आधी फ्रिज बंद करायचा आणि आपल्या घराची किल्ली त्यात ठेवायची, म्हणजे परत चालू केल्याशिवाय निघता येत नाही. मी एकदा किल्ली ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या घरून जो फोन आला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

आणि माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला. समोर धरला की 'प' आणि 'फ' फटाके फोडतात.

नक्षत्रवेडा:
खडूसपणा वाटला तर माफ करा, पण 'ऐका, हा पल्सारचा आवाज' असं कुठे म्हटलंय का? अवकाशातून आवाज येत नाही. दुर्बीण पकडते ते रेडिओतरंग, त्यांची टकटक आपण स्पीकरवर करतो. तेवढं सांगा आणि मग बिनधास्त ऐकवा.

बी०३२९+५४ नावाचा पल्सार दर ०.७१ सेकंदाला एक ठोका देतो, टेबलावर बोटानं धरता येतो. व्हेला नावाचा पल्सार सेकंदाला ११ वेळा फिरतो, तिथे बोट हरतं. क्रॅब पल्सारच्या सेकंदाला ३० फेऱ्या, तिथे ठोके सुटे राहत नाहीत, जवळजवळ घुं होतं. हे तिन्ही लागोपाठ वाजवा. फिरण्याच्या वेगावरचं तुमचं निदान दोन मिनिटांचं निवेदन गळून पडेल.

ऐकवताना वेग बदललात तर तेही सांगा. १८६० साली स्कॉट द मार्टिनव्हिल यांनी काजळी धरलेल्या कागदावर एका गाण्याच्या कंपनांच्या रेषा उमटवल्या होत्या. २००८ मध्ये त्या संगणकावर वाजवल्या तेव्हा मुलीचा किंवा बाईचा आवाज वाटला. पुढे लक्षात आलं की वेग दुप्पट धरला गेला होता. निम्म्यावर आणल्यावर निघाला पुरुष, बहुधा खुद्द स्कॉटच!

हेडफोन_गळ्यात:
कानसेनांशी निम्मी सहमत. जॉन ॲक्सनची गोष्ट निवेदकाशिवाय चालते, कारण माणूस, गाडी आणि उतार कळला की झालं. पल्सार म्हणजे न्यूट्रॉन तारा, स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा, हे कुणीतरी सांगावंच लागतं. फक्त ते शास्त्रज्ञांनी सांगितलेलंच पुन्हा नको. नव्वद टक्के निवेदक पाहुण्याचं वाक्य आधी स्वतः म्हणतात, मग पाहुण्याकडून वदवतात.

फाटलेला आवाज सोडून द्या, तो शिवता येत नाही. पुढच्या वेळी सर्वांत मोठ्या आवाजालाही रेकॉर्डरवरची लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्याच्या वर गेली की आवाज फाटतो) आणि स्पीकरकडे पाठ करा. खरा महोत्सव स्टेजवर नसतोच. मी दुपारी तीनला जाते. लोखंडी खुर्च्या ओढल्याचा आवाज, 'हॅलो, माइक टेस्टिंग', विंगेत सूर जुळवत बसलेला कुणीतरी. रात्री झाडू फिरेपर्यंत थांबते. गाण्यांच्या परवानगीची कटकटही त्यामुळे बरीच कमी होते.

घुमटासाठी फुगा न्या. इस्तंबूलच्या हागिया सोफिया या जुन्या घुमटाच्या वास्तूत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी फुगे फोडून प्रतिध्वनी मोजला, तो ११ सेकंदांच्या आसपास रेंगाळतो. नंतर त्याच मोजमापावरून स्टुडिओत गायलेल्या स्तोत्रांना त्या घुमटाची घुमण दिली. तुमच्याकडे एवढी यंत्रणा नसली तरी चालेल. फट्, आणि मग तुम्ही गप्प. आवाज विरेपर्यंत निवेदन सुरू करायचं नाही, हा मोह आवरा.

फावल्यावेळी:
तीन आठवड्यांनी लिहितेय.

कानसेनकाका, खोली रेकॉर्ड करायला गेले आणि दारातच कळलं की त्यांनी फ्रिज बदललाय. नव्याची घरघर अगदीच वेगळ्या पट्टीतली. रडायचीच बाकी होते.

मग दोन तासांची टेप पुन्हा पहिल्यापासून ऐकली. एका ठिकाणी ते जुन्या निरीक्षणांचे कागद आणायला उठतात. चाळीस सेकंद कुणी बोलत नाही, नुसता जुना फ्रिज. ही जागा मी 'कापणे' अशी खूण करून ठेवली होती! सलग शांत अशी बारा सेकंदं मिळाली, तीच जोडून जोडून खाली अंथरलीत. शेवटी कपाटाचं दार करकरतं, ते स्वतःशीच "कुठे ठेवलं मी…" म्हणतात आणि कागदाची लांबलचक घडी टेबलावर उलगडते. भाग आता तिथूनच सुरू होतो. मग बी०३२९चे ठोके.

निवेदन १७ वरून ६ मिनिटांवर आलंय. 'हा पल्सारचा आवाज' हे वाक्य दोनदा होतं, दोन्ही काढली. न्यूट्रॉन ताऱ्याचं स्पष्टीकरण मात्र माझ्याच आवाजात ठेवलंय.

आता घुमट. फुगा आणि सुई दोन्ही पिशवीत आहेत, पण पहारेकऱ्याला नेमकं काय सांगून आत न्यायचं? कुणी नेलाय का?